अष्टमीची सुट्टी

१९ ऑगस्ट

दात पडला! त्रिशाचा, खालचा, उजवीकडचा सुळा. शनिवारी शेजारच्या नागुबाईकडं गोकुळाष्टमीचा काला खाताना हलायला लागला होता. तीन दिवस जिभेनं ढकलून ढकलून आज भाकरीच्या घासात सुटून आला. त्रिशा गल्लीभर दाखवत फिरली. म्हटलं, माझे एवढे पडले, मी एकदा तरी नागुबाईच्या दारात घेऊन गेले का?

दात शेणात घालून कौलावर टाकायचा असतो, म्हणजे उंदीरमामा नवा देतो. आता आमच्याकडं शेण नाही आणि कौलंही नाहीत. स्लॅबवर फेकला तर सोलरच्या काचेवर टण्ण वाजला. अरिहंत दुकानातून आला तो आधी काच बघायला वर पळाला. लेकीचा दात नंतर!

ही डायरी त्याच्याच दुकानातली, खताच्या कंपनीनं दिलेली. मी मागितली तर म्हणाला, 'आई, तुला कुठं लिहायला येतंय?' मला बोलायला येतंय की! लिहायला माझी नात त्रिशा आहे. पाचवीत आहे, हात झरझर चालतो. मी बोलायचं, तिनं लिहायचं, शहाणपणा करायचा नाही, असं ठरलंय. पहिल्याच पानावर मोडलं. मी 'न्हाय' म्हणते, ही 'नाही' लिहिते. लिही बाई. मी कुठं तपासणार आहे!

आज अष्टमी म्हणे. कॅलेंडर बघून तिनंच सांगितलं. मग आज सुई नाही. चार्टवर साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला.

२१ ऑगस्ट

सुई दिली. डाव्या मांडीला.

कोण वाचणार नाही, तरी एकदा नीट लिहून ठेवू. त्रिशा साडेदहा वर्षांची. उंची सात वर्षांच्या पोरीएवढी. अंगात उंची वाढवणारं काहीतरी असतं, ते हिच्यात कमी पडतं, असं बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं. शिवरात्रीपासून रोज संध्याकाळी एक सुई. पेनासारखं असतं, फ्रिजच्या दारात अंड्यांच्या जागी ठेवायचं. आमच्यात अंडी आणत नाहीत, ती जागा आयतीच मोकळी होती.

सून अंजना चिकोडीला पतसंस्थेत आहे, घरी यायला आठ वाजतात. म्हणून दिवे लागले की सुई मी देते. पेनच्या खिडकीत कुठला आकडा यायला हवा, ते चित्रासारखं पाठ आहे. टोचायचं, दहा मोजायचे, काढायचं. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पूजेसाठी जन्मभर हार ओवले, माझा हात हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी एक कागद दिलाय, चौकोनांचा, तोच चार्ट. सुई दिली की चौकोनात एक उभी रेघ.

पहिल्याच महिन्यात चतुर्दशी आली. त्या दिवशी आमच्यात हिरवं चिरत नाहीत. कोथिंबिरीची काडीसुद्धा मोडत नाही. मी पेन घेऊन बसले, तर ही मांडी झाकून म्हणाली, 'आज्जी, आज भेंडीला सुरी लावत न्हाईस, आणि मला सुई लावतीस व्हय?'

पेन परत फ्रिजमध्ये ठेवलं. न देता रेघ ओढायची म्हणजे खोटं. म्हणून चौकोनात साथिया काढला, बस्तीत तांदळाचा काढतो तसा. रेघ म्हणजे दिली, साथिया म्हणजे नाही दिली. तेव्हापासून अष्टमी-चतुर्दशीला सुट्टी. मग फाल्गुनातल्या अष्टान्हिका पर्वाचे आठ दिवस, आषाढातले आठ दिवस. मग पंचमीसुद्धा आली. पोरगी कॅलेंडरला चिकटून असते. एवढं भूगोलाला चिकटली तर बरं होईल.

अंजनाला वाटतं, पर्वाच्या दिवशी आत्ती, म्हणजे मी, तिची सासू, शुभ म्हणून साथिया काढते. तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

२३ ऑगस्ट

अरिहंत म्हणाला, 'आई, औषध इतकं कसं पुरतंय? मागच्या वेळी आणलेलं अजून हाय.' म्हटलं, तूप वाढल्यासारखं देते रं, थेंब सांडत न्हाय. त्रिशा वही तोंडावर धरून हसत होती. आता लिहितानाही हसतेय. गप लिही.

२८ ऑगस्ट

दशलक्षण पर्व लागलं. माझं दहा दिवस एकाशन, हिला दहा दिवस सुट्टी. मी एकदाच जेवणार, ही पाच वेळा. तरी पुण्य म्हणे दोघींना सारखंच!

३१ ऑगस्ट

मांडीवरचा निळा डाग पिवळा झालाय. अजून दोन दिवसांत जाईल.

४ सप्टेंबर

नवा सुळा हिरडीतून डोकावतोय. बोट लावून बघितला. तांदळाच्या कणीएवढा. माझी कवळी आज काढून ठेवली होती, तर दोघींनी आरशात तोंडं उघडून बघितली. हिच्या खिडकीत कुणीतरी आलंय. माझं घरच रिकामं.

८ सप्टेंबर

क्षमावाणी. सकाळपासून सगळ्यांची क्षमा मागून झाली. 'जाणता-अजाणता काही बोलले असेन, क्षमा असावी.' अंजनाची मागितली. अरिहंतची मागितली, तो फोनवर होता, हात हलवून क्षमा केली. नागुबाई आमच्यातली नाही, तिचीही मागितली. ती म्हणाली, 'राजमतीआक्का, माझ्या घागरीचं काय ते आधी बोला.' घागर तिचीच आहे, वर्षभर माझ्याकडं आहे.

त्रिशानं पाया पडून मागितली. म्हणाली, 'आज्जी, अजाणता न्हाय, जाणता केलेल्याची पण क्षमा कर.' म्हटलं, लाडू चोरलास काय? तर पळाली.

आजपासून पुन्हा सुई. उजवी मांडी.

१३ सप्टेंबर

बेळगावला जाऊन आलो, चौघं. दिवसभराचं लिहायचंय, दोन पानं लागतील. बोटं मोडून घे.

आधी डाव्या पंजाचा फोटो काढला. मग दाताच्या डॉक्टरांकडं. एक मशीन हिच्या तोंडाभोवती गरागरा फिरलं, सगळे दात एका कागदावर आले. पडलेले, आलेले, आत वाट बघत बसलेलेसुद्धा. दातांचे डॉक्टर चांगले आहेत. पडलेला सुळा कुठं ठेवला म्हणून विचारलं. त्रिशानं सांगितलं, 'सोलरखाली.'

मग डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी पंजाचा फोटो उजेडावर धरला. काळ्यावर पांढरी बोटं. मनगटात डाळीच्या दाण्यांसारखी हाडं, सुटी सुटी. प्रत्येक पेराच्या टोकाला एक टोपी आणि टोपीच्या खाली बारीक फट. बाई म्हणाल्या, 'अज्जी, ही फट दिसते ना, तिथं उंची वाढते. फट बुजली की वाढ संपली. मग औषध देऊन उपयोग नाही.'

'आणि हिची?'

'उघडी आहे. कागदावर ही साडेदहाची. दात म्हणतात साडेनऊ. हाडं म्हणतात आठ.'

म्हटलं, एका पोरीला तीन वयं? माझंही तसंच आहे. आधारवर एकोणसत्तर, मतदानाच्या कार्डावर चौऱ्याहत्तर, आणि आमचे मालक कलगोंडा जाईपर्यंत म्हणायचे, तुला अजून अक्कल यायची हाय, म्हणजे तू सोळाची. बाई खूप हसल्या. अंजना हसली नाही. ती उंची मोजायच्या पट्टीकडं बघत होती.

सहा महिन्यांत साडेचार-पाच सेंटीमीटर व्हायला हवं होतं. झालं दोन. बाई म्हणाल्या, एवढं तर न टोचताही झालं असतं. मग त्यांनी चार्ट मागितला. अंजनानं पर्समधून घडी काढून दिली. बाईंनी पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत बोट फिरवलं. रेघ, रेघ, साथिया, रेघ. बोट कुठं थांबलं नाही.

'ओंदू तप्पिल्ल!' म्हणाल्या. एकही चुकलेली नाही! 'अज्जी, शिकलेल्या आयांनासुद्धा इतकं नीट जमत नाही.'

आणि अरिहंतकडं वळून म्हणाल्या, 'म्हणजे औषध लागू पडत नाहीये. काय करायचं ते विचार करून कळवते.'

एवढी बडबडी बाई मी, तोंड उघडलं नाही. माझी तारीफ चालली होती आणि मी चपलांकडं बघत होते. त्रिशा माझ्याकडं बघत होती.

येताना अंजनाचा हात सगळी वाट हिच्या डोक्यावर होता, दाबून धरल्यासारखा.

१४ सप्टेंबर

अष्टमी. सुई दिली. तिनं मांडी पुढं केली. रेघ ओढली.

१७ सप्टेंबर

शाळेत नवीन सर आलेत. त्यांनी हिला पहिलीच्या रांगेत नेऊन उभं केलं. ही म्हणाली, 'सर, मी पाचवीतली.' सर म्हणाले, 'हो का, बरं बरं, दादाचं दप्तर आणलंस काय?'

घरी येऊन हसत सांगितलं. जेवताना मात्र ताटात बघत होती. मी त्या सरांना चार शब्द सुनावले, ते हिनं लिहिले नाहीत. म्हणते, 'आज्जी, असले शब्द मला लिहायला येत न्हाईत.'

१९ सप्टेंबर

बेळगावहून फोन. सव्वीस तारखेला उपाशीपोटी आणायचं. हाताला सुई लावून ठेवणार, दुपारपर्यंत पाच वेळा रक्त घेणार. औषध का लागत नाही ते शोधायला. त्यातूनही काही सापडलं नाही तर औषध बंद. उगीच पोरीला टोचत राहायचं नाही, म्हणाल्या.

अरिहंतनं विचारलं, 'बंद केलं तर मग?'

मग काय? आहे ती उंची.

'पाच वेळा?' त्रिशानं मला विचारलं. लिहिता लिहिता पेन थांबलंय तिचं. मीट वही.

२१ सप्टेंबर

बस्तीत जाऊन पूजा सांगणाऱ्या उपाध्येंना विचारलं. नाव न घेता. म्हटलं, एका बाईनं पर्वाच्या दिवशी नातीला औषधाची सुई दिली नाही, तर ते बरोबर का?

उपाध्ये म्हणाले, 'औषधाला तिथी कसली राजमतीआक्का? मूल वाढवायला जे लागतं, त्याला कुठलं पर्व आडवं येत न्हाय. त्या बाईला हे सांगितलं कुणी?'

कुणी सांगितलं नव्हतं. त्या बाईनं घरीच शास्त्र केलं होतं.

येताना त्रिशा म्हणाली, 'आज्जी, सांगू नको. आई तुला रागावंल.' म्हटलं, मला रागवायच्या त्या सगळ्या वर गेल्या. तुझी आई अजून लहान आहे.

मोठ्यानं बोलले खरं. पण बेळगावचा फोन आल्यापासून मला अंजनाशी 'ये, बस' एवढंसुद्धा नीट बोलता येत नाही.

२४ सप्टेंबर

आज सांगणार होते. अंजना आली, पाय धुतले, म्हणाली, 'आत्ती, तुम्ही हाईसा म्हणून मी नोकरी करत्ये.' नाही सांगितलं.

२६ सप्टेंबर

सांगितलं.

खोलीत हिला पलंगावर बसवलं होतं. पलंग उंच, पाय लोंबत होते. नर्सनं दंडाला रबर बांधलं. त्रिशानं डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं माझा पदर धरला. मी म्हटलं, थांबा. कन्नडमधूनही म्हटलं, निल्लरी! उगीच कळलं नाही असं नको.

डॉक्टरीणबाईंना बोलवा म्हटलं. त्या आल्या. मी अंजनाकडून चार्ट घेतला, त्यांच्या टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. 'ही रेघ. ह्या दिवशी सुई दिली. हा साथिया. ह्या दिवशी दिली न्हाय.'

बाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी पेन काढलं आणि एकेका साथियाला गोल करत गेल्या. खोलीत सगळे उभे. गोल, गोल, गोल. दोनशे बारा दिवसांत सत्त्याहत्तर.

'आई!' अरिहंत एवढंच म्हणाला. एवढ्या एका शब्दात किती मावतं.

नर्स रबर सोडत हळू म्हणाली, 'जुन्या माणसांचं हे असं. सगळीकडं तिथ्या.' ऐकू आलं. कान चांगले आहेत माझे.

बाईंनी चष्मा काढला. त्या रागावतील म्हणून मी तयार होते, त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'अज्जी, तुम्ही सगळं खरं लिहिलं होतं. वाचलं नाही ते आम्ही.'

मग विचारलं, 'पण महिन्याला इतक्या तिथी?'

त्रिशाचा हात पदरावर घट्ट झाला. म्हटलं, आमच्यात लई पर्वं असतात.

रक्त एकदाही घेतलं नाही. औषध बंद नाही. रोज द्यायचं, एक दिवस न चुकवता, आणि सहा महिन्यांनी मोजायचं. मी विचारलं, गेले ते महिने? बाईंनी तो पंजाचा फोटो पुन्हा उजेडावर धरला. 'गेले ते गेले. फट अजून उघडी आहे. हाड आठचंच आहे ना, म्हणून वेळ आहे.'

दातांना कुणासाठी थांबायची सवय नाही, आपलं आपलं येऊन मोकळे होतात. हाडं बिचारी थांबून राहिली. माझ्यासाठी थांबली म्हणायची.

२७ सप्टेंबर

अंजनानं फ्रिजच्या दारातलं पेन काढून फ्रिजच्याच वरच्या कप्प्यात ठेवलं. माझा हात तिथं पोचत नाही. 'आत्ती, आजपासून मी देते. साडेपाचच्या एसटीनं येईन, सायबांना सांगितलंय.' आवाज नेहमीसारखाच. चढला असता तर बरं वाटलं असतं.

तिचं बरोबर आहे. लिही, तिचं बरोबर आहे. दोनदा लिही.

३० सप्टेंबर

अष्टमी. मी मुद्दाम नागुबाईकडं घागर परत द्यायला गेले, त्या वेळी घरात नको म्हणून. नागुबाईला घागर बघून धक्काच बसला. परत आले तर दोघी थांबलेल्या. पेन टेबलावर, सुई लावलेली. त्रिशा म्हणाली, 'आज्जी आल्याशिवाय न्हाय.'

अंजनानं दिली. मी दहा मोजले. मग तिनं चार्टचं पेन माझ्यापुढं केलं. 'आत्ती, रेघ तुमचीच.'

ओढली. जरा वाकडी आली.

३ ऑक्टोबर

ही दोन दिवस माझ्यामागं घुटमळतेय. काही तरी बोलायचं आहे, बोलत नाही. चेहरा लाडू चोरल्यासारखा. सुळा मात्र अर्धा वर आला.

६ ऑक्टोबर

आज चतुर्दशी. खरी. सुई झाली, रेघ झाली. गच्चीवर चंद्र वर आल्यावर त्रिशानं रडत रडत सांगितलं. निम्म्या तिथ्या खोट्या होत्या, कॅलेंडरकडं बघून थापा मारल्या, आणि डॉक्टरांपुढं ऐकून घ्यावं लागलं ते आज्जीला.

नाक पूस आणि लिही. गाळू नकोस काही.

गोकुळाष्टमी होऊन तीन दिवसांनी तू मला अष्टमी सांगितलीस. मला कॅलेंडर वाचता येत नाही, पण रोज रात्री निजताना आणि पहाटे उठून चंद्र बघते. साठ वर्षं त्याच्यावरच उपास धरलेत. तुझी एकूण एक खोटी तिथी मला त्याच दिवशी कळत होती.

तुला टोचवत नव्हतं गं मला. सुट्टी मलाच हवी होती.